ओळीत उगवलेली पार्सली

शोभाताई, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग बाकीचं बोलू. त्या दिवशी तुम्ही मला खसखस आणायला खाली का पिटाळलंत?

घरात खसखस होती. तुम्हीच डबी उघडलीत, नाकाशी धरलीत आणि म्हणालात, "ही जुनी झालीय, करंज्या कडवट होतील." मी वास घेतला, मला काही जुनं वाटलं नाही. पण विहीण आपणहून फराळाला हात लावायला आलेली, तिच्याशी खसखशीवरून काय वाद घालायचा, म्हणून पिशवी उचलली आणि निघाले. लिफ्टमध्येच मनात पाल चुकचुकली होती. तरी गेले. नंतर हे मी तुम्हाला फोनवर विचारलं, समोर बसवून विचारलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही हसून विषय बदललात. आता तुमचा फोटो प्रज्ञाच्या खोलीत टेबलावर आहे, पुढे पांढरी शेवंती आहे, आणि तुम्ही तसंच हसताय. फोटोशी भांडता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन की. पण आधी माझी चौकशी पूर्ण होऊ दे. तुम्ही मला इन्स्पेक्टरबाई म्हणायचात ते काही उगाच नाही.

ते नाव कधी पडलं, आठवतं ना? आमच्या अमोलचं आणि तुमच्या प्रज्ञाचं जमलं तेव्हा. तुम्ही बौद्ध, मूळच्या चिपळूणकडच्या. आम्ही साताऱ्याकडचे, घरात देव, घट, उपासतापास, सगळं. पोरांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, आपल्याला फक्त चहा प्यायला एकत्र बसवलं होतं. मी मात्र तुमच्या बेलापूरच्या घरात बसून प्रश्नांची सरबत्ती लावली. मुलगी स्वयंपाक करते का, रागीट आहे का, लग्न कुठल्या पद्धतीने, घरात कोणकोण येतं-जातं. तुम्ही पोह्यांची बशी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "इन्स्पेक्टरबाई, आधी पोहे खा, मग जबाब घ्या." आमचे हे एवढ्या मोठ्याने हसले की मला त्यांचाच राग आला.

पुढची दोन वर्षं तुमच्याकडून डबा आला की मी झाकण उघडून आधी वास घ्यायचे. तुम्हाला कळलं होतं. एकदा झाकणावर चिकटपट्टी आली, तिच्यावर तुमच्या ऑफिसच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'शुद्ध शाकाहारी. इन्स्पेक्टरबाईंनी तपासावे.' माझ्या जिवाला लागलं, आणि हसूही आलं. ती पट्टी मी काढली नाही, डबा घासून घासून तीच निघून गेली.

पण संशय काय माझ्या एकटीच्याच रक्तात होता? तुम्ही काय कमी होतात? आमच्याकडे आलात की पाणी घ्यायच्या निमित्ताने सरळ फ्रिज उघडायचात. आत दूध आहे का, फळं आहेत का, माझी पोर उपाशी तर ठेवत नाहीत ना. प्रज्ञाचं मनगट धरून बोलायचात, आणि बोलता बोलता अंगठ्याने मापून घ्यायचात की ती वाळली तर नाही. चतुर्थीला तर तुम्ही मुद्दाम फोन करून विचारायचात, "आज काय जेवलीस गं?" मला सगळं ऐकू यायचं. एक पोर आणि तिच्यावर दोन बाजूंनी दोन पहारेकरी, असं आपलं चाललं होतं. अमोल म्हणायचा, तुम्ही दोघी सोसायटीच्या गेटवर बसलात तर वॉचमन लागणार नाही.

तर अशा तुम्ही, भाद्रपद संपता संपता माझ्या दारात उभ्या राहिलात आणि माझ्या हातावर बियांची पुडी ठेवलीत. मी विचारलं, "हा ओवा कशाला?"

"ओवा नाही हो, पार्सली. चपट्या पानांची. प्रज्ञाला डोहाळे लागलेत."

डोहाळे! चिंच नाही, आवळा नाही, पार्सली! कंपनीने सहा महिने परदेशात पाठवलं होतं तेव्हा कुठलंसं सॅलड खाल्लं होतं म्हणे पोरीने, लिंबू पिळलेलं, त्याची आता आठवण येत होती. मला तर हे डोहाळे तुमचेच वाटले. वाशीच्या मार्केटात इंग्लिश भाज्यांच्या टोपल्यांत मी ती जुडी बघितलेली होती. पाणी मारून मारून मरगळलेली, आणि वर कोथिंबिरीसारखं रूप घेऊन बसलेली. मी तुम्हाला म्हटलं, ही तर बिनवासाची कोथिंबीर. तुम्ही म्हणालात, "तिला वास आहे, तुमच्या नाकाला फक्त माझ्या डब्याचा येतो." तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

मी तेवढ्यावर थांबणार होय? रात्री मोबाइलवर शोधलं आणि तुम्हाला पाठवून दिलं की पोटुशा बाईने पार्सली जास्त खाऊ नये. सकाळी तुमचं उत्तर आलं, "वाटीभर रस पाजणार नाहीये, चार पानं भुरभुरणार आहे. डॉक्टरणीला विचारलंय. अजून काही आरोप?" त्यावर मी हिशोब मांडला की बी पेरणार कधी, उगवणार कधी, पानं तोडायला येणार कधी, तोवर डोहाळे संपून बारसं यायचं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग बाळाच्या वाट्याची होईल. तुम्ही पेरा तर."

"मीच का? तुमच्या गॅलरीत काय झालं?"

"मी माझ्याकडे पेरलीय. तुमच्याकडेही पेरा. दोन ठिकाणी असलेली बरी."

यातही मला वास आला. तुमच्या मनात काहीतरी आहे असं वाटलं. आता वाटतं, तुम्हाला फक्त माझ्याकडे यायला एक कारण हवं होतं. तुम्ही एकट्या राहायचात. आणि आमच्या घरी यायला तुम्हाला कारण लागायचं, ही माझीच मेहेरबानी.

आता खरं सांगते, ते तुम्हाला माहीतच आहे, पण दुसऱ्या कुणाला नाही. आदल्या वर्षी आमच्याकडे घटाचं धान नीट आलं नव्हतं. काळी माती तीच, गहू तेच, पाणी तेच, पण पिवळी, विरळ, मान टाकलेली रोपं. घरातलं धान कसं येतं त्यावरून घराचं वर्ष कसं जाणार ते कळतं, हे मी आईकडून ऐकलेलं, तिने तिच्या सासूकडून. आणि मग दिवाळीनंतर प्रज्ञाचं पहिलं राहिलं नाही. हॉस्पिटलच्या त्या बाकावर आपण दोघी बसलो होतो. तुम्ही पर्समधून बिस्किटाचा पुडा काढलात, अर्धा मला दिलात, आणि खाता खाता माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात. मी हलले नाही. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला तरी हलले नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर ती पिवळी रोपं होती, आणि मी कुणाला बोलले नाही.

म्हणून या वर्षी मी काय केलं, तर घटस्थापनेच्या दिवशी घटाची माती भरताना एका छोट्या कुंडीत तीच माती भरली आणि तुमची पार्सली पेरली. प्रज्ञाच्या नावाने. देवघरात, घटाशेजारी ठेवली. घटाला पाणी घालताना तिलाही घातलं, सकाळ-संध्याकाळ, भरपूर. तुम्ही बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायला सांगितलं होतं, ते मी विसरले नाही. पण उजेडात ठेवा, पाण्यात बुडवू नका, हे सांगितलेलं मी कानाआड केलं. घट कधी गॅलरीत ठेवतात का? चौथ्या दिवशी घटाचे कोंब दिसले. कुंडी तशीच. सातव्या माळेला घटाचं धान वीतभर झालं, हिरवंगार, कसं डोलत होतं. कुंडीत नुसती काळी माती. मी बोटाने उकरून बघायला गेले आणि हात मागे घेतला.

दसऱ्याला धान उपटून सगळ्यांना द्यायचं असतं. ह्यांच्या टोपीत खोवलं, अमोलच्या कानावर ठेवलं. प्रज्ञाच्या केसांत तिच्या कुंडीतलं माळायचं असं मी मनाशी धरलेलं. तिने डोकं पुढे केलं, आणि माझ्या हातात द्यायला काही नव्हतं. घटातलंच माळलं शेवटी.

आणि नेमक्या संध्याकाळी तुम्ही आलात, धम्मचक्राच्या कार्यक्रमाहून, पांढरी शुभ्र साडी नेसून. दसऱ्याचा दिवस, घरात पोटुशी पोर, आणि दारात पांढरी साडी! माझं तोंड तुम्ही बघितलंत. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही. प्रज्ञा आत गेल्यावर तुम्ही मला देवघरापाशी गाठलंत आणि विचारलंत, "साडीचं आहे की आणखी काही?"

मी सगळं ओकले. पिवळं धान, पहिलं बाळ, ही कुंडी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग अशा तापलात की मी तुम्हाला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे वर्षभर तुम्ही हे मनात ठेवून माझ्या पोरीकडे बघताय?"

"मी तिला एका शब्दाने बोलले नाही."

"बोलला नाहीत. बघता. ती काय दगड आहे? तिला कळत नसेल?" मग आवाज उतरवलात. "अहो, पार्सलीचं बी आळशी असतं. गहू नाही तो. तीन आठवडे लागतात, कधी कधी दीड महिना. तुम्ही त्याला अंधारात ठेवून बुडवून मारताय आणि वर शकुन विचारताय. थांबा की जरा."

मला ते पटलं नाही. तुम्ही समजूत काढताय असं वाटलं. तुमच्यात घट बसत नाही, तुम्हाला काय कळणार, हेही मी बोलून गेले. तुम्ही कुंडी उचललीत, गॅलरीत नेऊन ग्रिलमध्ये ठेवलीत, हात धुतलेत आणि चहा न घेता गेलात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आठवडा गेला, आणखी काही दिवस गेले. मी रोज उठून आधी कुंडी बघायचे, मग देवाला दिवा लावायचे. माती बोडकी ती बोडकी. तुमचा रोज फोन, "काय म्हणतेय माती?" मी म्हणायचे, "काही नाही." तुम्ही म्हणायचात, "थांबा." शेवटी शेवटी मी फोन उचलेनाशी झाले.

आणि मग तो करंज्यांचा दिवस.

आता माझे मुद्दे ऐका. एक तर तुम्ही न बोलावता आलात, आणि फराळाला अजून वेळ होता. प्रज्ञा बेडरूममध्ये झोपली होती. दुसरं, तुमच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. मी हात पुढे केला तर तुम्ही पिशवी मागे घेतलीत. "रिकामा आहे. तुमच्याकडच्या करंज्या न्यायला आणलाय." शोभाताई, इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या दारात रिकामा डबा घेऊन कधी आलात? आपण एकमेकींकडे रिकामं भांडं कधी धाडलं नाही. भांडण झालेलं असलं तरी निदान चमचाभर साखर घालून धाडायचो. मग खसखस. मी परत आले तर तुम्ही सिंकपाशी हात धुत होतात. पोळपाटावर तुमची एक करंजी नव्हती. माझ्या मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा धुऊन पालथा घातलेला. आणि तुमच्या अंगठ्याच्या नखात काळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेले आणि किंचाळलेच. कुंडीत रोपं! इवली इवली, हिरवी, उभी. आमचे हे धावत आले, अमोल आला, प्रज्ञा पोटावर हात धरून आली. मी तिला जवळ घेतलं आणि रडले. प्रज्ञा म्हणत होती, "आई, अहो एवढं काय, पार्सली तर आहे." तिला काय सांगू? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

संशय आला तो दुपारी, चष्मा लावून बघितल्यावर. एक तर ती ओळीत होती. मी बी भुरभुरलं होतं, चिमटीने, घटात टाकते तसं. ते असं शाळेतल्या पोरांसारखं ओळीत कसं उगवेल? आणि नवं उगवलेलं रोप नुसती दोन बारीक लांबट पानं घेऊन येतं, हे तुम्हीच सांगितलेलं. यांना तर मधोमध तिसरं पान आलं होतं, नीट कातरलेलं. एका रात्रीत?

मी फोन लावला. "ताई, खरं सांगा."

"काय खरं?"

"ही रोपं कुठून आली?"

"मातीतून आली असतील."

"तुमच्या हाताने आली का मातीतून?"

तुम्ही केवढ्या हसलात. "इन्स्पेक्टरबाई, घरातून काही गेलं असतं तर चौकशी ठीक होती. इथे तर घरात आलंय. असली तक्रार घेतात का कुठल्या पोलीस चौकीत?"

मी म्हटलं, "माझी शपथ घ्या." तुम्ही म्हणालात, "मी शपथा घेत नाही." आणि तुमच्या भाजीवाल्याचं काहीतरी सांगायला लागलात. नंतर एकदा आलात तेव्हा मी तुम्हाला कुंडीसमोर खुर्ची टाकून बसवलं. तुम्ही एक पान खुडलंत, चुरगाळून माझ्या नाकाशी धरलंत. "आला का वास?" मी म्हटलं, "नाही." आला होता. हिरवा, जरा तिखट, पावसात भिजलेल्या कुंपणासारखा. तुमच्यापुढे कबूल केलं नाही एवढंच.

तुमची माझी भेट ती शेवटची. वसुबारसेच्या आदल्या सकाळी तुमच्या शेजारणीचा फोन आला. चहाचं आधण ठेवून तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. आमच्याकडे कंदील लागला नाही. करंज्यांचा डबा तसाच राहिला. प्रज्ञाला मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी तिच्या चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे बघत होते.

आता जे लिहिते ते कुणाजवळ बोलले नाही. तुम्ही असतात तर तुमच्याजवळ बोलले असते आणि शिव्या खाल्ल्या असत्या. माझ्या मनात आलं की ती कुंडी रिकामीच राहायची होती. प्रज्ञाच्या नावाची कुंडी, म्हणजे प्रज्ञाचं काहीतरी जायचं होतं. तुम्ही मध्ये हात घातलात. तुम्ही ते रिकामपण आपल्या नखांनी बुजवलंत, आणि पोरीवर येणारं आपल्या अंगावर घेतलंत. माझ्या मातीने तुम्हाला नेलं. मी तुम्हाला ते घटाचं सांगितलं नसतं तर तुम्ही आलाच नसता, डबा आणला नसता. दिवाळीभर मला दुसरं काही सुचलं नाही. प्रज्ञा माझ्या कुशीत शिरून रडायची आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत मनात म्हणायचे, पोरी, तुझी आई माझ्यामुळे गेली. आणि त्याच्याही खाली आणखी एक भीती होती. हिशोब पुरा झाला की अजून बाकी आहे?

तुमच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. तुमच्या ऑफिसातल्या बायका आल्या होत्या, प्रत्येकीला तुम्ही कुठलं ना कुठलं रोप दिलेलं. मी पांढरी साडी नेसले होते. प्रज्ञानेच काढून दिली. वंदना मला येत नाही, पण ओठ हलवले. बाहेर पडताना तुमच्या एका मैत्रिणीने विचारलं, "तुम्हीच का त्या इन्स्पेक्टरबाई?" मला तिथे हसू आलं, आणि मग हुंदका आला तो आवरेना.

परवा प्रज्ञाला घेऊन तुमच्या घरी गेले. तिला तुमच्या चार साड्या हव्या होत्या, गोधडी करायला. ती कपाटापाशी बसली आणि मी सरळ गॅलरी गाठली. तपासाला म्हणा हवं तर. झाडं वाळत चालली होती, मी आधी सगळ्यांना पाणी घातलं. कोपऱ्यात आइस्क्रीमचा मोठा डबा होता, मातीने भरलेला. त्यात खड्डे होते. एकाशेजारी एक, दोन ओळींत, चमच्याने ढेकळासकट काहीतरी उचलावं तसे. कडेला एक रोप राहिलं होतं, सुकलेलं. पान कातरलेलं.

तुम्हीच मला सांगितलं होतं की पार्सलीचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, जागा बदलली की रुसतं. म्हणून अंगची माती न सांडता, चमच्याने, एकेक. बेलापूरहून आमच्या सानपाड्यापर्यंत स्टीलच्या डब्यात, मांडीवर धरून. तुम्ही, ज्यांच्या घरात घट बसत नाही. ज्यांना मी हे तोंडावर ऐकवलं होतं.

प्रज्ञा मागे येऊन उभी राहिली. मी डबा दाखवला. "यातली रोपं कुठे गेली गं?"

ती म्हणाली, "कबुतरांनी खाल्ली असतील."

कबुतरं! गॅलरीला जाळी लावलेली, आणि कबुतरं ओळीने खातात होय? पण तिचे डोळे भरलेले होते, म्हणून मी डबा परत कोपऱ्यात ठेवला. गाडीत ती साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन झोपली. मी सबंध पामबीच रोडभर तुमच्याशी भांडत होते. पुरावा मिळाला होता. म्हणजे माझी कुंडी खरंच रिकामी होती. मी म्हणत होते तेच खरं होतं.

घरी आल्यावर पाणी घालायला कुंडीपाशी गेले. तुमची ओळ छान धरलीय, हाताच्या बोटाएवढी झालीय. मी तांब्या कलता केला आणि थांबले. मागच्या बाजूला, कुंडीच्या काठाला चिकटून, माती जराशी फुटली होती. तिथे काहीतरी वाकडं, पांढरट, मान खाली घातलेलं. शेजारी आणखी एक, दोन बारीक लांबट पानं उघडलेलं. डोक्यावर अजून बियाचं टरफल. आणि त्याच्या पलीकडे तिघं-चौघं एकमेकांवर पडलेली, कशीही, जिथे माझ्या चिमटीतून बी जास्त सांडलं होतं तिथे.

मी खालीच बसले, शोभाताई. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. माझीच होती. घटाच्या दिवशी मी टाकलेली. अंधारात ठेवलेली, पाण्यात बुडवलेली, तरी जिवंत. ती कुंडी कधी रिकामी नव्हतीच. तुमच्यावर काही आलं नाही, तुम्ही कुणाचं काही अंगावर घेतलं नाहीत, पोरीचं काही जायचं नव्हतं. नुसता वेळ लागत होता. आणि तुम्हाला हे माहीत होतं! तीन आठवडे, कधी दीड महिना, हे तुम्हीच मला सांगितलंत. मला रोज फोनवर 'थांबा, थांबा' म्हणालात आणि तुमच्याच्याने थांबवलं नाही. माझं तोंड बघवलं नाही तुम्हाला. अहो, थोडं थांबायचं होतंत ना. आज तुमच्या ओळीशेजारी माझा पसारा दाखवला असता, आणि तुम्ही म्हणाला असतात, "घ्या, इन्स्पेक्टरबाई, सापडला चोर."

थोडं थांबायचं होतंत हो.

मग डोळे पुसले आणि आत हाक मारली, "प्रज्ञा, जरा बाहेर ये."

ती झोपेतून उठून आली, एक हात पोटावर, एक हात भिंतीवर. मी तिला खुर्ची दिली, जिच्यावर तुम्हाला बसवलं होतं तीच. कुंडी तिच्याकडे वळवली.

"बघ बाई, यात दोन पेरण्या आहेत. ओळखू येतात?"

ती वाकली. ओळीतल्या पहिल्या रोपाला तिने एका बोटाने हळूच हात लावला, तुम्ही तिच्या गालाला लावायचात तसा.

"ही ओळीतली आईची," ती म्हणाली. "ती वाकडी तुमची."

एक क्षणही लागला नाही तिला. हे तिला कधीपासून माहीत होतं, त्या दिवशी ती बेडरूममध्ये खरंच झोपली होती का, आणि मला खाली पिटाळायची अक्कल तुमची होती की तुमच्या लेकीची, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "दोघींना घाल. पण जपून, बुडवू नकोस."